समृद्ध युरोपातील रोकडटंचाई

युरोपात आता नोटांना कोणी विचारीत नाही, एक कार्ड खिशात असले म्हणजे लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत कोठेही अडत नाही, अशी आपल्याकडील प्रवाशांची समजूत झालेली आहे. मोठ्या शहरांपुरती ती बरीचशी खरी आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत कार्ड टेकवून आत जाता येते, आणि पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटाचे पैसे तर २०२४ च्या फेब्रुवारीपासून आपल्या यूपीआयनेही भरण्याची सोय झाली आहे. परंतु मोठी शहरे म्हणजे सारा युरोप नव्हे. सहल कंपनीच्या बसमधून न जाता स्वतःच्या हिंमतीवर आगगाडीने लहानसहान गावे पाहणारे मराठी प्रवासी आता थोडे नाहीत. मुलाकडे वा मुलीकडे जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये दोन-तीन महिने मुक्काम करणारे आईवडीलही पुष्कळ आहेत. डोंगरातल्या किंवा नदीकाठच्या एखाद्या टुमदार गावी उतरल्यावर त्यांच्या असे ध्यानात येते की, येथे अनेक व्यवहारांना रोख पैसेच लागतात, आणि ते पैसे जेथे मिळत होते ती बँकेची शाखा मात्र बंद झालेली आहे. दारावरच्या पाटीत दहा-पंधरा किलोमीटरवरच्या गावाचे नाव दिलेले असते आणि तिकडे जाणारी बस दिवसातून मोजक्या वेळा सुटते. ही अडचण केवळ प्रवाशाची असती, तर तिला या स्तंभात जागा देण्याचे कारण नव्हते. प्रवासी दोन दिवसांनी निघून जातो. गावकरी तेथेच राहतो आणि त्याची अडचणही तेथेच राहते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. युरोपातील रोखीचे व्यवहार कमी होत आहेत, पण ते संपलेले नाहीत. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या पाहणीनुसार युरो वापरणाऱ्या देशांत दुकानातील व्यवहारांपैकी २०१६ मध्ये ७९ टक्के व्यवहार रोखीने होत. २०१९ मध्ये हे प्रमाण ७२ टक्के, २०२२ मध्ये ५९ टक्के आणि २०२४ मध्ये ५२ टक्के झाले. रकमेच्या हिशेबाने कार्डांनी रोखीला मागे टाकले आहे. संख्येच्या हिशेबाने मात्र २०२४ मध्येही अर्ध्याहून थोडे अधिक व्यवहार नोटा-नाण्यांतच झाले. यंत्रविद्येत अग्रेसर असलेल्या जर्मनीत २०२३ च्या पाहणीत हेच प्रमाण ५१ टक्के आढळले. याचा अर्थ असा की, लोक मोठी खरेदी कार्डाने करतात आणि पाव, भाजी, कॉफी, वर्तमानपत्र, आठवडेबाजारातील चीज, देवळातील मेणबत्ती, सार्वजनिक स्वच्छतागृहाचे शुल्क यांसाठी खिशात हात घालतात. लहान गावाचा व्यवहार प्रामुख्याने अशाच किरकोळ देवघेवीचा असतो. त्यातही जर्मनीत एक मेख आहे. ‘कार्ड चालते’ अशी पाटी असली, तरी काही छोट्या दुकानांत तिचा अर्थ तेथील देशी गिरोकार्ड चालते एवढाच असतो. मुंबईहून आणलेले कार्ड तेथे निरुपयोगी ठरते.

प्रवासात पैसा कसा न्यावा, हा प्रश्न अर्थातच नवा नाही. काशीयात्रेला निघणारा आपल्याकडील गृहस्थ चोरांच्या भयाने रोकड बरोबर न नेता पेढीवरून हुंडी करून घेई आणि काशीच्या सराफाकडे ती वटवी. अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने १८९१ साली आणलेला प्रवासी धनादेश म्हणजे याच कल्पनेचा पाश्चात्त्य अवतार होता. पुढे १९६७ च्या जूनमध्ये लंडनजवळील एन्फील्ड येथे बार्कलेज बँकेने नोटा देणारे यंत्र बसविले. त्या यंत्राचे जनक जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. १ जानेवारी २००२ रोजी बारा देशांत युरोच्या नोटा चलनात आल्या. क्रोएशिया २०२३ मध्ये आणि बल्गेरिया २०२६ च्या आरंभी त्यात सामील झाल्यावर या देशांची संख्या एकवीस झाली. सीमा ओलांडली की पैसे बदला, उरलेली नाणी कागदाच्या पुडीत बांधून घरी आणा, हा जाच संपला. प्रवासी धनादेश जवळजवळ अस्तंगत झाला, कारण त्याची गरजच उरली नाही. प्रवाशाने यंत्रात कार्ड सरकवावे आणि हव्या तेवढ्या नोटा घ्याव्या, इतकी सोय इतिहासात कधीही नव्हती. हुंडीला सराफ लागे, धनादेशाला बँकेची खिडकी लागे. यंत्राला वेळकाळ नव्हता आणि परक्या भाषेची अडचणही नव्हती.

आता तेच यंत्र लहान गावांतून उठू लागले आहे. त्याची कारणे गूढ नाहीत. यंत्राला वीज, जागा आणि देखभाल लागते. त्यात नोटा भरण्यासाठी बंदोबस्ताची गाडी पाठवावी लागते, विमा उतरवावा लागतो. वापर घटला तरी या खर्चात कपात होत नाही, आणि दर व्यवहारामागील खर्च चढत जातो. त्यात दरोडेखोरांची भर पडली. नेदरलँड्समध्ये आणि जर्मनीत स्फोटके लावून यंत्रे उडविणाऱ्या टोळ्यांनी उच्छाद मांडला. एकट्या जर्मनीत २०२२ साली असे ४९६ प्रकार नोंदले गेले. ज्या इमारतीच्या तळमजल्यावर यंत्र, त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर माणसे राहतात, तेव्हा घरमालकांनाही यंत्र नकोसे झाले. नेदरलँड्समधील तीन मोठ्या बँकांनी आपापली यंत्रे एका सामाईक संस्थेकडे सोपविली आणि २०१९ च्या अखेरीपासून ती रात्री अकरा ते सकाळी सात बंद ठेवण्यास प्रारंभ झाला. शेवटच्या गाडीने उतरलेल्या प्रवाशाने ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. इटलीत तर ज्यांच्या हद्दीत एकही बँकशाखा नाही अशा नगरपालिका व ग्रामपालिका तीन हजारांहून अधिक आहेत. तेथे टपाल कचेरी हाच आधार उरतो.

बँकांनी मोकळी केलेली जागा रिकामी राहते असे मात्र नाही. जेथे प्रवाशांची वर्दळ आहे तेथे, म्हणजे स्थानकासमोर, जुन्या चौकात, किल्ल्याच्या पायथ्याशी, स्वतंत्र कंपन्यांची झगझगीत यंत्रे उभी राहतात. जेथे केवळ गावकरी राहतात तेथे ती फिरकत नाहीत, कारण त्यांचा डोळा गावकऱ्याच्या गरजेवर नसून परक्याच्या अज्ञानावर असतो. अशा यंत्रात तीन ठिकाणी पैसे कापले जातात. यंत्राचा मालक आपले शुल्क घेतो. आपली भारतातील बँक परदेशी व्यवहाराचा आकार आणि हुंडणावळीवरील टक्केवारी लावते. तिसरी कात्री अधिक कावेबाज आहे. यंत्र पडद्यावर सौजन्याने विचारते की, ही रक्कम आपल्या खात्यावर रुपयांत लिहावी काय? रुपया हे ओळखीचे नाव दिसताच प्रवासी सुखावतो आणि होकाराचे बटण दाबतो. त्या क्षणी हुंडणावळीचा दर ठरविण्याचा अधिकार त्याने यंत्राच्या मालकाला बहाल केलेला असतो. हा दर बाजारभावाहून कित्येकदा दहा टक्क्यांपर्यंत चढा असतो. म्हणजे दोनशे युरो काढणाऱ्याचे वीस युरो, वाटेत कोणी खिसा न कापता, गेलेले असतात. हे सारे कायद्याच्या चौकटीत चालते. पडद्यावर दर लिहिलेला असतो आणि ग्राहकाने संमतीही दिलेली असते. परंतु रात्रीच्या वेळी, परक्या भाषेत, मागे रांग उभी असताना आणि गावात दुसरे यंत्र नसताना घेतलेल्या संमतीला संमती म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा प्रवाशाने काही पथ्ये पाळणे शहाणपणाचे आहे. मोठ्या शहरातून निघतानाच, शक्यतो बँकेच्या स्वतःच्या यंत्रातून, दोन-चार दिवसांची रोकड घ्यावी. यंत्र रुपयांचे आमिष दाखवू लागले, तर निग्रहाने युरोच निवडावा. थोडेथोडे पैसे चारदा काढण्यापेक्षा पुरेशी रक्कम एकदा काढावी, म्हणजे ठरावीक शुल्क चारदा पडत नाही. पन्नासाची नोट पहिल्याच मोठ्या दुकानात मोडून घ्यावी. तीन युरोंच्या पावासाठी ती पुढे केली की पाववाला कपाळाला आठी घालणारच. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानुसार नवे कार्ड केवळ देशातील वापरासाठी चालू केलेले असते. परदेशी वापराची मुभा निघण्यापूर्वी स्वतः सुरू करून घेतली पाहिजे. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात तीन हजार डॉलरपर्यंतच्या विदेशी नोटा बरोबर नेता येतात. त्यांतील थोडा भाग पाच, दहा आणि वीस युरोंच्या नोटांत घेतला, तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

पण ही झाली पाहुण्याची सावधगिरी. ज्याला तेथेच जन्म काढायचा आहे, त्याला असे चार उपाय सांगून भागत नाही. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील कार्लोस सान ह्वान या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त डॉक्टरांनी २०२२ च्या आरंभी जी मोहीम चालविली, तिचे घोषवाक्यच बोलके होते: ‘मी म्हातारा आहे, मूर्ख नाही.’ शाखा बंद झाल्या, खिडकीच्या वेळा आखडल्या, प्रत्येक कामासाठी यंत्राकडे किंवा फोनकडे बोट दाखविले जाऊ लागले. ज्यांनी आयुष्यभर याच बँकांत पैसे ठेवले, त्यांना स्वतःचेच पैसे मिळविण्यासाठी नातवंडांची मनधरणी करावी लागते, ही त्यांची तक्रार होती. सहा लाखांहून अधिक सह्या जमल्या, मंत्रालयाला दखल घ्यावी लागली आणि त्याच फेब्रुवारीत बँकांनी वृद्धांसाठी खिडकीच्या वेळा वाढविण्याचे मान्य केले. वस्तुतः या मागणीत क्रांतिकारक असे काहीच नव्हते. समोर माणूस असावा आणि आपला पैसा आपल्या हाती पडावा, एवढेच म्हणणे होते. ते मान्य करून घेण्यासाठी चळवळ करावी लागली, यातच परिस्थिती कोठवर गेली होती ते कळते.

बाजार हा प्रश्न आपोआप सोडवील, ही आशा युरोपातील सरकारांनी आता बरीचशी सोडून दिलेली दिसते. स्वीडनचे उदाहरण या दृष्टीने विशेष आहे. युरोपातील पहिल्या कागदी नोटा १६६१ साली याच देशात निघाल्या आणि रोखीला निरोप देण्यातही तोच देश आघाडीवर राहिला. त्या स्वीडनने २०२१ पासून मोठ्या बँकांवर रोकड पुरविण्याचे कायदेशीर बंधन घातले. नॉर्वेने २०२४ च्या ऑक्टोबरपासून रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क अधिक बळकट केला. ब्रिटनमध्ये २०२३ च्या कायद्याला अनुसरून २०२४ च्या सप्टेंबरपासून बँकांना एखाद्या ठिकाणची सोय बंद करण्यापूर्वी तेथील गरजेची पाहणी करणे आणि उणीव आढळल्यास ती भरून काढणे भाग पडले आहे. त्यातून निघालेली सामाईक केंद्रांची कल्पना अनुकरणीय आहे. एकाच जागेत टपाल खात्याची खिडकी रोज चालते आणि निरनिराळ्या बँकांचे अधिकारी आठवड्याचे वार वाटून घेऊन बसतात. २०२१ मध्ये दोन गावांत प्रयोगादाखल सुरू झालेली ही केंद्रे २०२४ अखेर शंभरावर गेली. स्लोव्हाकियाने २०२३ मध्ये आणि हंगेरीने २०२५ मध्ये रोखीचा हक्क थेट राज्यघटनेत नेला. हंगेरीने तर लहान गावांतही यंत्रे बसविण्याची सक्ती बँकांवर केली. यांतील काही निर्णयांमागे मतांचे राजकारण नसेलच असे नाही. तथापि राजकारण्यांना यात मते दिसतात, याचाच अर्थ लोकांना ही अडचण जाणवते.

रोखीच्या बाजूने आणखी एक साक्ष निसर्गाने नव्हे, तर यंत्रानेच दिली. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन देशांतील वीज अचानक गेली आणि अनेक तास आली नाही. कार्डे मुकी झाली, फोन हळूहळू मेले, पैशाची यंत्रे काळवंडली. ज्याच्या खिशात वीस युरोंची नोट होती तो पाणी, पाव आणि मेणबत्त्या घेऊ शकला. ज्याच्या खात्यात वीस हजार होते, पण खिशात काही नव्हते, तो पाहत राहिला. त्यानंतर नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेने प्रौढ माणसामागे सत्तर आणि मुलामागे तीस युरो घरी ठेवावेत, असा सल्ला नागरिकांना दिला. जो पैसा संकटकाळी घरात असावा असे मध्यवर्ती बँकच म्हणते, तो मिळण्याची जागा गावात नसावी, ही विसंगती फार काळ टिकणारी नाही.

रोखीच्या विरोधातील युक्तिवाद खोटे आहेत असे मुळीच नाही. काळा पैसा नोटांत लपतो, म्हणून तर पाचशे युरोंची नोट नव्याने चलनात आणणे २०१९ मध्ये थांबविण्यात आले. नोटा छापणे, वाहणे, मोजणे यांना खर्च येतो. कार्डामुळे छोट्या दुकानदाराच्या गल्ल्यावरची चोरीही टळते. ज्याला कार्ड सोयीचे वाटते त्याने ते खुशाल वापरावे. त्याला कोणी अडवीत नाही. आक्षेप आहे तो निवड नाहीशी करून मग ‘लोकांनीच हे निवडले’ असे सांगण्याला. यंत्र काढले की वापर घटतो, वापर घटला की पुढचे यंत्र काढायला कारण मिळते. या चक्रात पहिल्यांदा भरडला जातो तो ज्याच्याकडे मोटार नाही, फोन जुना आहे आणि ज्याचे गाव नकाशावर शोधावे लागते. सरकारने आपल्या सहीची नोट काढायची आणि ती पोचविण्याचे काम मात्र नफ्यातोट्यावर सोडून द्यायचे, ही रीत टपाल किंवा पाणीपुरवठ्याच्या बाबतीत आपण मान्य केली नसती.

या साऱ्यात आपल्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या वेस्टरवाल्ड भागातील एका ग्रामप्रमुखाने, फ्रीड्रिश विल्हेल्म रायफायझेन यांनी, सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडविण्यासाठी खेड्यातील लोकांच्याच पतपेढ्या उभारल्या. मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ च्या सुमारास जो अहवाल लिहिला, त्याचा सारा रोख या रायफायझेनच्या वाटेने जा असाच होता. त्यातून १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील गदगजवळच्या कणगिनहाळ येथे १९०५ साली पहिली पतसंस्था निघाली. महाराष्ट्रात पुढे जो सहकाराचा वृक्ष वाढला, त्याचे बी अशा रीतीने युरोपातील खेड्यातून आलेले आहे. लहान गावालाही स्वतःची पेढी हवी, हा धडा ज्यांनी जगाला दिला, त्यांच्याच खेड्यांवर आज ती पेढी गमावण्याची पाळी यावी, हा काळाचा मोठाच फेरा म्हटला पाहिजे.

आपण त्यातून शिकणार की तीच वाट चालणार, हे ठरवायची वेळ आली आहे. चहाच्या टपरीवर चौकोनी ठशाचा कागद चिकटविलेला दिसू लागला, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण करताना खेड्यापर्यंत शाखा नेण्याचा जो निर्धार सांगितला गेला, तो त्या कागदाने निकालात निघत नाही. ठरलेल्या मोफत व्यवहारांनंतर आपल्याच यंत्रातून आपलेच पैसे काढण्याचे शुल्क २०२५ च्या मे महिन्यापासून तेवीस रुपयांपर्यंत वाढले. ज्याला महिन्याला हजार-पाचशेच काढायचे असतात, त्याला ही रक्कम किरकोळ नाही. निवृत्तिवेतनासाठी तालुक्याला जाणारी म्हातारी आणि स्पेनमधील तो वृद्ध डॉक्टर यांचे दुःख एकच आहे. युरोपातील देशांनी शाखा बंद होऊ दिल्या आणि मागाहून कायदे करून त्यांची पर्यायी सोय उभारण्याचा खर्च केला. आपल्याकडे शाखा आहेत, टपाल कचेऱ्या आहेत, पतसंस्था आहेत. त्या एका छताखाली आणून लहान गावाला रोकड हमखास मिळेल असे बंधन आताच घातले, तर हा दुसरा खर्च वाचेल. एखाद्या देशाची श्रीमंती राजधानीतील झगमगाटाने मोजण्याची सवय जुनी आहे. शेवटच्या बसथांब्यावर उतरलेल्या माणसाला, मग तो परका असो की गावचा, स्वतःच्या घामाचा पैसा आडकाठीवाचून मिळतो की नाही, हे माप त्याहून अधिक खरे आहे.